वीजघरासाठी एक हात

इरम्मानं जन्मभर दुसऱ्यांची बाळंतपणं केली, पण तिच्या स्वतःच्या जिवाला असा घोर कधी लागला नव्हता. निजामाचं राज्य जाऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. उमरग्याकडच्या एका बाजारगावात कोष्टी गल्लीनं या विधवा सुईणीला नगरपालिकेत निवडून पाठवलं. गल्लीत विजेचा खांब यावा, एवढंच लोकांचं मागणं होतं.

वीज होती महालिंगप्पांच्या कंपनीची. इंजिन त्यांचं, तारा त्यांच्या, आणि दिवे फक्त पेठेत. कंपनीचा परवाना मात्र संपत आला होता. नगरपालिकेचेच सभासद असलेल्या गोपाळकृष्ण वकिलांनी सभेत सांगितलं, "मुदत संपली की वीजघर विकत घ्यायचा पहिला हक्क नगरपालिकेचा, कायद्यानंच दिलाय. पण ठराव वेळेत व्हायला हवा. नाहीतर परवाना पुन्हा कंपनीलाच."

सभासद निम्मे इकडं, निम्मे तिकडं. राहिली इरम्मा.

ठरावाच्या आदल्या दिवशी महालिंगप्पा तिच्या दारात आले. "इरम्माक्का, इंजिन बिघडलं तर तुमची नगरपालिका काय करणार? गाव अंधारात गेलं की लोक तुमालाच धरतील. आन् तुमचा वीरप्पा माझ्याकडं कामाला हाय, तेबी ध्यानात ठेवा."

वीरप्पा तिचा धाकटा भाऊ, खांबावर चढून तारा जोडणारा कंपनीचा तारवाला. तो एवढंच म्हणाला, "अक्का, तू हात वर केलास की मी घरी बसलो बघ."

तरी दुसऱ्या दिवशी ती सभेला गेली.

सभेत तिनं वकिलांना विचारलं, "आमी घेतलं आन् आमाला चालवता न्हाय आलं तर?"

"तर लोक आपल्याला निवडणुकीत पाडतील, बाई. महालिंगप्पांना पाडायची सोय नाही."

तिनं हात वर केला. ठराव एका मतानं मंजूर झाला.

वीरप्पाला संध्याकाळीच कामावरून काढलं. तो बायकापोरं घेऊन सोलापूरच्या गिरणीत गेला. जाताना बहिणीशी बोललासुद्धा नाही. वीजघर गावाचं झालं आणि पहिल्याच उन्हाळ्यात इंजिन बंद पडलं. सुटा भाग मुंबईहून येईपर्यंत पेठ अंधारात होती. 

खांब कोष्टी गल्लीत आले, पण दिवे कधी लागायचे, कधी नाही. पूर्वी दिवे गेले तर महालिंगप्पांच्या दारात जायची कुणाची छाती नव्हती. आता बाया सरळ इरम्माच्या उंबऱ्यावर येऊन भांडायच्या.

"तूच हात वर केलतास ना? मग आता सांग, कवा येणार लाईट?" शेजारची नागूबाई एकदा कडाडली.

"व्हय, म्याच केलता," इरम्मा म्हणाली. चपला पायात सरकवून ती वीजघराकडं निघाली. तिथं काय ऐकावं लागेल, याची तिला धास्तीच होती. नागूबाई आणि गल्लीतल्या चार बाया तिच्या मागोमाग चालू लागल्या.