सातवा फोन

माझी आत्या क्रिकेट मंडळाच्या कार्यालयात लिपिक आहे. ती पत्रं टाइप करते, सामन्यांचे पास वाटते, भांडारघराच्या चाव्या सांभाळते. पण तिला ओळखतात ते वेगळ्याच कामामुळे. राष्ट्रीय संघातून ज्याला वगळलं असेल त्याला फोन करून तसं कळवायचं, हे तिच्याकडे असतं. ज्यांना संघात घेतलं त्यांना निवड समितीचे अध्यक्ष स्वतःच्या मोबाइलवरून कळवतात.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी आत आणि बाहेर, दोन्ही फोन आत्याच करायची. अकरा वर्षांपूर्वी एका अध्यक्षांच्या मनात आलं की आनंदाची बातमी वडीलधाऱ्या माणसानं द्यावी. त्यांचं वडीलधारेपण आनंदापुरतंच होतं, म्हणून उरलेलं काम आत्याकडे राहिलं. खेळाडू काही खुळे नसतात. वर्षभरात सगळ्यांच्या लक्षात आलं, अध्यक्षांचा नंबर दिसला की आपण आत आणि कार्यालयाचा दिसला की बाहेर. तेव्हापासून आत्याचा फोन पहिल्या खेपेला कुणी उचलत नाही.

चेहऱ्यानं तिला फारसं कुणी ओळखत नाही, ओळखतात तो आवाज. एका समारंभात ती दारात उभी राहून पाहुण्यांना बसायच्या जागा दाखवत होती. एक निवृत्त वेगवान गोलंदाज तिच्याशी छान हसून बोलायला लागला, मुलंबाळं, गुडघेदुखी, सगळं. आत्या म्हणाली, "तिसरी रांग, डावीकडे." झालं. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. बिचारा तिसऱ्या रांगेत जाऊन बसला आणि कार्यक्रम संपेपर्यंत त्यानं मागे वळून पाहिलं नाही. त्यानंतर अशा ठिकाणी आत्या हातानंच दाखवते.

घरीही आम्ही फार वेगळे वागलो असं नाही. मी बारा वर्षांची असताना आमच्याकडे तिचा फोन आला, मी उचलला आणि घरभर ओरडले, "आत्याचा फोन! कोण आऊट?" सगळे खो खो हसले. पलीकडून आत्याही हसली. तो विनोद आमच्याकडे इतका चालला की बाबा आपल्या सख्ख्या बहिणीचा फोन आला की पहिलं तेच विचारायचे. हळूहळू तिचे फोन कमी झाले, मग बंद झाले. आम्हाला ते कळलंही नाही, याची मला आता लाज वाटते. मी बोलून चालून जिभेची तिखट आहे, पण एवढं तिखट एकाच वाक्यात पुन्हा कधी जमलं नाही.

आत्यानं लग्न केलं नाही. का, ते तिचं ती जाणे. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आहेत, एक खिडकी, आणि खिडकीशी स्टुलावर फोन. त्या फोनवर वर्षातून एकदा एक फोन हमखास यायचा. तो कुलपाच्या आईचा.

कुलूप म्हणजे आपल्या संघाचा यष्टिरक्षक. त्याच्या मागे चेंडू जात नाही म्हणून हे नाव पडलं. सोळा वर्षांपूर्वी त्याची पहिल्यांदा निवड झाली तेव्हा आत्यानं त्याच्या घरी फोन केला. तो सरावाला गेला होता. नियमानं फक्त खेळाडूलाच सांगायचं, पण आत्या तेव्हा तरुण आणि उत्साही होती, तिनं आईलाच सांगून टाकलं. आई म्हणाली, "पुन्हा सांग." आत्यानं पुन्हा सांगितलं. "अजून एकदा." असं तीनदा झालं. मग ती बाई म्हणाली, "तुझ्या तोंडात साखर पडो," आणि आत्याच्या घरचा नंबर मागून घेतला. तेव्हापासून दर वर्षी त्याच तारखेला तिचा फोन यायचा. "काही काम नाही गं, तुझा आवाज ऐकायला केला." आत्या तिला मावशी म्हणते. दोघी एकमेकींना कधीही भेटलेल्या नाहीत. सगळ्या देशात आत्याच्या आवाजानं आनंद होईल असं हे एकच घर होतं.

या वर्षीच्या स्पर्धेत आपलं काय झालं ते सांगत बसत नाही, सगळ्यांनी पाहिलंय. ज्या संघातले अर्धे खेळाडू सोमवारी आपापल्या कचेरीत हजर होतात त्यांच्याकडून आपण हरलो. मग वर्तमानपत्रांत संघाची पुनर्बांधणी सुरू झाली. हा शब्द मी तोपर्यंत पुलांच्या बाबतीतच ऐकला होता. पंधरा दिवस बैठका झाल्या आणि एका गुरुवारी सकाळी साडेदहाला अध्यक्षांनी आत्याच्या टेबलावर कागद ठेवला. सात नावं होती. चार वाजता पत्रकार परिषद होती. सातवं नाव कुलपाचं होतं.

आत्याचा स्वतःचा एक नियम आहे. खेळाडूला बातमी टीव्हीच्या आधी माणसाकडून कळली पाहिजे. ती नोकरीला लागली त्या वर्षी एका फिरकी गोलंदाजाला आपण संघाबाहेर गेल्याचं न्हाव्याच्या खुर्चीत, अर्धी दाढी झालेली असताना रेडिओवरून कळलं. त्याला पाठवायचं पत्र तेव्हा आत्याच्या ट्रेमध्ये पडलेलं होतं, सकाळचं टपाल चुकलं होतं. दुसऱ्या दिवशी तो कार्यालयात आला. भांडला नाही. एवढंच विचारलं, "पत्र कधी टाकलं होतं?" आत्याला अजून तो उंबऱ्यात उभा दिसतो. त्यानंतर तेवीस वर्षांत तिच्याकडून एकही फोन राहिला नव्हता.

फोन करताना ती उभी राहते. खेळपट्टीवरची आच्छादनं वाळत घालतात त्या अंगणाकडे तिची खिडकी आहे, तिकडे तोंड करते. पहिल्याच वाक्यात सांगते, "संघ जाहीर होतोय, या वेळी तुमचं नाव नाही." आधी 'कसे आहात' नाही, 'सांगायला वाईट वाटतं' नाही. मग समोरच्यानं ठेवेपर्यंत फोन कानाशी धरून उभी राहते. स्वतः आधी कधी ठेवत नाही. मग कागदावर वेळ लिहिते, घोटभर पाणी पिते आणि पुढचा नंबर लावते.

त्या गुरुवारी सहा जण दोन वाजेपर्यंत झाले. एक "बरं" म्हणाला. एक उगाच हसला. एकाची बायको म्हणाली की ते अंघोळीला गेलेत, आणि मागून तो स्वतःच म्हणाला, "सांग ना बाहेर गेलेत म्हणून." आत्यानं वीस मिनिटांनी पुन्हा केला, तेव्हा अंघोळ आणि बाहेर दोन्हीकडून तो परत आला होता. एकानं शिव्या दिल्या. त्या आत्यानं ऐकून घेतल्या.

कुलपाचा मोबाइल मात्र बंद होता. दोनपासून तिनं अकरा वेळा लावला. सव्वातीनला तिनं कपाटातून जुनी निळी वही काढली. त्यात तिच्याच त्या वेळच्या गोल अक्षरात त्याच्या घरचा नंबर होता. मावशींनी मोबाइल कधी घेतलाच नाही, म्हणजे फोन त्याच उचलणार.

आत्या मला म्हणाली, "मी वही उघडून बसून राहिले गं. मनात आलं, एकदा राहिला तर राहिला. मंडळाला काय फरक पडतो? मग ती अर्धी दाढी आठवली." तीन पस्तीसला तिनं नंबर फिरवला.

"मावशी, मी बोलतेय."

"अगं, तू! आपल्या तारखेला अजून महिना आहे की." मावशींच्या आवाजात इतका आनंद होता की आत्यानं घाईघाईनं पुढचं विचारलं.

"हो. तो आहे का घरी?"

"आहे तर. चार दिवस झाले, फोन बंद करून इथेच आहे. आत्ता गच्चीवर पाण्याची टाकी घासतोय. काय घासायचंय त्या टाकीत कोण जाणे. थांब, बोलावते. तुझा फोन म्हटल्यावर मला बाई हायसं वाटलं."

मावशींनी फोन टेबलावर ठेवला. आत्याला त्यांच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता, थोड्याच वेळात पत्रकार परिषद सुरू होईल असं कुणीतरी सांगत होतं. मग जिन्यावर ओल्या चपला वाजल्या.

"बोला ताई."

आत्यानं पहिल्याच वाक्यात सांगितलं. मग त्याचा मोठा, मोकळा आवाज आला, "हो हो, मी मजेत. आई, जरा पाणी देतेस का गं?" आणि पावलं आत गेल्यावर अगदी हळू म्हणाला, "ताई, हे तुम्ही सांगितलंत ते आईला कळायला नको. तुमचा आवाज तिच्या लेखी शुभ आहे. ते तसंच राहू दे. आम्ही टीव्हीवर बघतो."

"पण तुम्हाला माणसाकडून..."

"मला तुमच्याकडून कळलं की. माझं झालं." पावलं परत आली. "हं, नक्की सांगतो आईला, तुम्ही सहज चौकशी केलीत म्हणून. ठेवू का?"

अकरा वर्षांत तिला 'ठेवू का' असं कुणी विचारलं नव्हतं. आत्या म्हणाली, "ठेवा."

पुढच्या अर्ध्या तासात त्या घरात काय झालं ते आपल्याला माहीत नाही, पण मला कल्पना करता येते. कुलपाची अपिलं सगळ्यांना ठाऊक आहेत. चेंडू बॅटपासून हातभर लांबून गेला तरी जगबुडी झाल्यासारखं तोंड करून उभा राहणारा माणूस तो. आईशेजारी बसून बातमी पहिल्यांदा ऐकल्यासारखं करणं त्याला जड गेलं नसणार. दुसरं काय काय जड गेलं असेल ते वेगळं.

दोन दिवसांनी एका वार्ताहरानं मावशींना गाठलं. त्या म्हणाल्या, "सोळा वर्षं खेळला माझा मुलगा, पण कुणाचा साधा फोन नाही. टीव्हीवरून कळलं." मथळा झाला. मंडळाची पाचावर धारण बसली आणि सचिवांनी आत्याला बोलावून घेतलं.

"फोन केला नव्हता का?"

त्यांच्यासमोर आत्याचा कागद होता. सातव्या नावापुढे तिनं वेळ लिहिली नव्हती.

"लागला नाही," आत्या म्हणाली.

तिला लेखी ताकीद मिळाली. यापुढे वगळलेल्यांना ई-मेल जाईल असंही ठरलं. एका अर्थानं तिची सुटकाच झाली, असं मी म्हणाले तेव्हा ती उठून चहाचं आधण ठेवायला गेली.

हे सगळं तिनं मला एका रविवारी सांगितलं. मी तिचा पडद्याचा दांडा बसवून द्यायला गेले होते. तिनं चारनंतर ये म्हटलं होतं, मी मेली सकाळीच उगवले. बघते तर ही ठेवणीतली साडी नेसून फोनच्या स्टुलाशेजारी बसलेली. तेव्हा कळलं की आज ती तारीख. ती म्हणाली, "येणार नाही या वर्षी. वर्तमानपत्रात वाचलंस ना, किती रागावल्यात." मी दांडा बसवला. चहा झाला. अकरा वाजून गेले आणि आत्या उठून साडी बदलायला निघाली, तेव्हा फोन वाजला.

उजव्या कानानं तिला आता कमी ऐकू येतं, म्हणून ती आवाज मोठा करून ठेवते. मला सगळं ऐकू येत होतं.

"मीच गं," मावशी म्हणाल्या. "कशी आहेस?"

"बरी आहे. तुम्ही?"

"मी आहे. तो पण आहे. मुलांना शिकवायला जातो आता." मग म्हणाल्या, "अगं, मी पेपरात बोलले ते तुझ्यासाठी नव्हतं हो. तू मनाला लावून घेतलं असशील म्हणून काळजी वाटत होती. त्या दिवशी तू चौकशीला फोन केलास, तेव्हा तुला बिचारीला काही माहीतही नसणार."

आत्यानं खिडकीकडे तोंड केलं.

"तुला कुठलं सांगणार ते? तू चांगली बातमी देणारी. वाईट सांगायला त्यांनी दुसरं कुणी माणूस ठेवलं असेल. आहे का गं तसं कुणी?"

"आहे एक बाई," आत्या म्हणाली.

"कसं जमत असेल गं तिला? घरी जाऊन घास तरी उतरत असेल का?"

"उतरतो. एकटीच असते. पटकन उरकते."

"अगं बाई. एकटी का?" मावशी हळहळल्या. "मग तूच जात जा की तिच्याकडे अधूनमधून. बोलत जा जरा. तुझा आवाज ऐकला की माणसाला बरं वाटतं."

"हो मावशी," आत्या म्हणाली, "जाईन." आणि मावशींनी ठेवेपर्यंत ती फोन कानाशी धरून उभी राहिली.