कारभारी आचाऱ्याचा पांढरा पास्ता

माझे मोठे दीर कारभारी यांच्या हातचं कधीच जेवला नाही असा माणूस तीर्थपुरीच्या पंचक्रोशीत शोधूनही सापडायचा नाही. तीस वर्षं लग्नाकार्यांत आचारी म्हणून राबले. त्याच कमाईवर त्यांनी धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, साहेबरावांना, डी.एड. केलं. साहेबरावांना जालन्यात मास्तरकी मिळाली, आम्ही फ्लॅट घेतला, आणि दीर आले की त्यांच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची पुढे करू लागलो. सोफ्याला तेलाचा वास लागतो म्हणून. खोटं कशाला बोलू?

दिरांचा नेम कडक होता. शेवटचा माणूस जेवून उठल्याशिवाय आचाऱ्याने चूल सोडायची नाही. आष्टीला एका लग्नात होते तेव्हा सख्खी मावशी गेल्याचा निरोप आला. त्यांनी शेवटची पंगत उठवली, हात धुतले आणि मगच रडायला बसले. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या एकुलत्या एका मुलाला, सोमेश्वरला, जरा जास्तच ठाऊक होतं.

सोमेश्वर पुण्यात नोकरीला. त्याची सोयरीक जालन्यातल्या बियाण्यांच्या व्यापाऱ्याकडे, शिवाजीरावांकडे, जमली. मुलगी तृप्ती. साखरपुड्याला पास्त्याचा काउंटर हवाच, असा तिचा हट्ट. पण शिवाजीरावांना मुतखडा, टोमॅटो बंद. आणि जालन्यातले केटरर तर लाल सॉस ओतल्याशिवाय पास्त्याला हात लावत नाहीत.

सोमेश्वर बापाला म्हणाला, "दादा, तुमीच करा. तुमच्यासारखं कोणाला जमंल?"

"आरं, पण मला व्याहीभेटीला उभं राहायचंय," दीर म्हणाले.

"अर्ध्या घंट्याचं काम हाय. मंग कपडे बदला, या स्टेजवर."

त्या भेटीसाठी माणूस नुसता आसुसला होता. हजारभर लग्नांत त्यांनी मांडवामागून धुरातून पाहिलं होतं, दोन व्याही कसे छातीला छाती लावून भेटतात, एकमेकांना फेटे बांधतात. मला एकदा म्हणाले होते, "पुष्पा, एक डाव आपल्याबी गळ्यात कोणी पडंल." त्यासाठी त्यांनी बदनापूरहून गुलाबी फेटा आणला, पांढरा सदरा शिवला.

आठ दिवस माझ्याच स्वयंपाकघरात त्यांनी पास्त्याशी झटापट केली. मोबाइलवर बघायचे, आणि त्यातल्या बाईला शिव्या घालायचे. पहिल्या दिवशी पास्ता खिमटासारखा शिजला. दुसऱ्या दिवसापासून भातासारखं बोटांत दाबून पाहू लागले. आत बारीक कणी राहिली की पाणी ओतून द्यायचं. लोण्यावर मैदा परतायचा, दूध थोडं थोडं घालायचं, गुठळी होऊ द्यायची नाही, वर मिरपूड. दुसरा प्रकार त्याहून सोपा, तेलात लसणाचे काप आणि सुकी लाल मिरची, बस. तिसरा त्यांच्या डोक्यातला. शेंगदाण्याचा कूट, कोथिंबीर आणि हिरवी मिरची पाट्यावर वाटून त्यात पास्ता घोळवायचा. तो मी दोन वाट्या खाल्ला. फार छान झालाय, असं मात्र म्हणाले नाही. डोक्यावर बसतील, वाटलं.

साखरपुड्याच्या दिवशी मंगल कार्यालयात काउंटरवर त्यांना उंच पांढरी टोपी घातली. तृप्तीच्या मैत्रिणी त्यांच्यासोबत फोटो काढून हसत होत्या. दीरही हसत होते, बिचारे. त्यांचं लक्ष शिवाजीरावांकडे. व्याही आपल्या हातचं खातात का? शिवाजीराव स्टेजजवळ बसून वरण-भात खात होते. त्यांनी पास्त्याकडे मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

माइकवर पुकारा झाला, "व्याहीभेटीसाठी दोन्हीकडच्यांनी स्टेजवर यावं."

माझी जाऊ साळूबाई धावत काउंटरवर आली. "आवो, चला की. नाव पुकारून राह्यले."

रांगेत सहा जण होते. दिरांनी झारा उंचावून दोन मिनिटं थांबा अशी खूण केली. सहाचे दहा झाले, दहाचे पंधरा. मी बघत होते, तेच तेच चेहरे पुन्हा येत होते. सगळे सोमेश्वरचे मित्र. आणि सोमेश्वर खांबाआडून त्यांना सांगत होता, "एकेक प्लेट अजून घ्या रे. लाइन तुटू देऊ नका."

मी त्याला गाठलं. "हे काय चाललंय?"

"काकू, त्यांचे हात बघितले का? नुसते भाजल्याचे डाग. फोटो पुण्याला जातील सगळे. काकांना पाठवा जल्दी."

मी काय केलं? दिरांच्या पिशवीतून गुलाबी फेटा काढला आणि माझ्या हातांनी नवऱ्याला बांधला. साहेबराव एकदाच म्हणाले, "दादाला काय वाटंल?" आणि स्टेजच्या पायऱ्या चढले. शिवाजीराव त्यांच्या गळ्यात पडले. टाळ्या झाल्या. साळूबाई तिथेच विहिणीच्या शेजारी उभी होती, तोंडाला पदर लावून. काउंटरवर दीर कढईत दूध ओतत होते. मान वर केली नाही, पण गुठळ्या झाल्या. आयुष्यात पहिल्यांदा.

शेवटची प्लेट गेल्यावर त्यांनी गॅस बंद केला. तेवढ्यात शिवाजीराव स्वतः खाली आले. दिरांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. टोपी काढून त्यांनी दोन्ही हात पसरले. "या व्याही. शेवटी गाठ पडली."

शिवाजीराव एक पाऊल मागे सरले. एप्रनवर दूध सांडलं होतं, सफारी नवी होती. "झाली की भेट, तुमच्या भावासंग," ते म्हणाले आणि हातातला टॉवेल, टोपी आणि नारळ पुढे केला. "हा आचाऱ्याचा मान. सोमेश्वररावांनी मानपानाच्या यादीतच लिहून दिल्ता."

दिरांनी पसरलेले हात जवळ घेतले, ओंजळ केली आणि नारळ घेतला. आचारी घेतो तसा, वाकून.

मला तेव्हा लाज वाटली, आजही वाटते. पण साहेबरावांचा फेट्यातला फोटो मी मोठा करून हॉलमध्ये लावलाय. येणारा-जाणारा म्हणतो, फार रुबाबदार दिसतात. दिसतातच.