एकशे एकोणपन्नासची रेघ

पुण्यात पीएचडी करत होते तेव्हा एका माणसावर मी मनापासून जळायचे. तोही आमच्याच सरांचा विद्यार्थी. वनस्पतींमधून रेणू वेगळे काढायचे आणि त्यांची रचना शोधायची, हे आम्हा दोघांचं काम. मास स्पेक्ट्रोमीटर रेणूचे तुकडे करतो, प्रत्येक तुकड्याच्या वजनाची रेघ कागदावर उमटते आणि त्या रेघांवरून मूळ रेणू ओळखायचा. मी एकेका कागदाशी चार-चार दिवस झटायचे. हा पठ्ठ्या चहा संपायच्या आत सांगून मोकळा. वर म्हणायचा, ‘सोपं होतं गं.’ माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्यात नवं यंत्र येणार होतं. त्याची जबाबदारी सर आमच्यापैकी एकाला देणार होते. मला ती हवी होती, आणि मिळणार त्याला, हे शिपायालासुद्धा ठाऊक होतं.

मग एका मुळीत त्याला नवा रेणू सापडला. म्हणजे त्याला तसं वाटलं. सेमिनारच्या आदल्या दिवशी कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाला, ‘एकदा बघ ना, माझे डोळे शिणलेत.’ सगळ्यात उंच रेघ एकशे एकोणपन्नासवर होती. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घालतात, त्याची ती रेघ. प्रयोगात वापरलेल्या प्लास्टिकच्या नळीतून ते त्याच्या द्रावणात उतरलं होतं. नवा रेणू कसला डोंबलाचा. उत्साहाच्या भरात त्याला ते दिसलं नव्हतं. पहिल्यांदाच त्याच्याआधी मला दिसलं होतं.

मी म्हटलं, ‘छान आहे की. मला तरी काही खटकत नाही.’ खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘अभिनंदन. हा आपला नवा रेणू बुधवार पेठेत मीटरवर मिळतो. प्लास्टिकची नळी म्हणतात त्याला.’ सगळे हसले. मी मान खाली घालून मनातल्या मनात सुखावत होते. तेवढ्यात तो म्हणाला, ‘चुकलंच, सर. मी हिलाही दाखवलं होतं, पण आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही.’ त्यात चहाडी नव्हती. त्याला खरंच तसं वाटत होतं.

सर माझ्याकडे वळले. ‘तुम्हालाही दिसलं नाही?’

दिसलं होतं म्हणावं तर मी नीच, नव्हतं म्हणावं तर मठ्ठ. मी म्हटलं, ‘नाही, सर.’

यंत्र त्याच्याकडेच गेलं. ‘तो निदान दुसऱ्याला दाखवून विचारतो,’ सर म्हणाले. पुढे नव्या विद्यार्थ्यांना ती रेघ शिकवताना तो हटकून सांगायचा, ‘इथे आम्ही दोघंही फसलो होतो,’ आणि माझ्याकडे बघून हसायचा. मीही हसायचे. खरं काय ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही.