पाच टक्के हवा

काँक्रीट दोन तासांत वापरलं नाही तर फेकावं लागतं. साहेबांचे किस्से मात्र साचतच जातात. करमाडजवळच्या आमच्या काँक्रीट प्लांटचे ते इन्चार्ज. तीस वर्षांचा अनुभव, दिवसातून चारदा ऐकावा लागतो. मी डिप्लोमा अर्ध्यात सोडलेला, लॅबमध्ये टेस्ट करतो.

*

सध्या काम एका कोल्ड स्टोरेजच्या फरशीचं. आतलं पाणी गोठून फरशी फुटू नये म्हणून काँक्रीटमध्ये बारीक बुडबुडे लागतात. पाच टक्के हवा. त्यासाठी एक केमिकल घालायचं.

साहेब म्हणाले, "लोक हवा काढायला व्हायब्रेटर लावतात, अन् तू घालायला निघालास?"

*

आम्ही सिमेंटसोबत वीज केंद्रातली फ्लाय ॲश वापरतो. एक टँकर काळाच आला. त्यातला न जळालेला कोळसा केमिकल पिऊन टाकतो, बुडबुडे होतच नाहीत. प्लांट चालवणारे कचरूमामा म्हणाले, "लई काळी हाय रं. डोस वाढवावा लागंल."

साहेबांनी चिमूटभर ॲश तळहातावर चोळली, वास घेतला. "राख ती राखच. डोस तोच."

*

एकदा मी सुट्टीवर होतो. साहेबांना केमिकल अचानक पटलं. त्यांनी माप बाजूला ठेवून बादलीच ओतली. काँक्रीट फेसासारखं फुगलं. आठवड्यानं ताकद तपासायला त्याचा क्यूब, म्हणजे नमुन्याचा ठोकळा, मशीनमध्ये दाबला, तर बिस्किटासारखा चुरला.

"हलका किती झालाय ते बघ ना," साहेब म्हणाले.

*

हवा मोजायचं मीटर महिनाभर दुरुस्तीला गेलं होतं. रजिस्टरमध्ये रोज पाच टक्के. साहेब स्वतः लिहायचे आणि सहीला माझ्यापुढं सरकवायचे. मी एकदाही केली नाही. फरशी फुटली की त्या कागदावर माझंच नाव सापडणार.

"कॉलेज सोडलंस, आता नोकरी पण सोडतो का? सोमवारपर्यंत सह्या कर, नायतर घरी बस."

*

शनिवारी मीटर परत आलं. त्याच दिवशी कोल्ड स्टोरेजच्या इंजिनिअर मॅडमही आल्या. "टेस्ट माझ्यासमोर करा."

पहिल्या गाडीतलं काँक्रीट मी मीटरच्या भांड्यात भरलं, झाकण कसलं, पंप मारला. काटा दीडवर थांबला. पुन्हा केलं. पुन्हा दीड.

मॅडमनी रजिस्टर उघडलं. पानभर पाच टक्के, सहीचा रकाना कोरा. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "सह्या का नाहीत?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात साहेब पुढं झाले.

"दुरुस्तीवाल्यांनी बिघडवलंय मॅडम. हे मीटर इथं नव्हतं तोवर रीडिंग अगदी बरोबर येत होतं."