सकाळी अकराची तपासणी

एका गोलकीपरला मी खोटारडा ठरवलं. आधी लेटरहेडवर, मग तालमीच्या कट्ट्यावर.

मी कोल्हापुरात डोळ्यांचा डॉक्टर. शिवाजी पेठेत वाढलो, म्हणून डॉक्टरकीच्या आधीपासून फुटबॉलचा रोगी. इथं फुटबॉलच्या टीमही तालमींच्याच असतात. त्या वर्षी आमच्या तालमीची टीम फायनल हरली. शेवटच्या दहा मिनिटांत, ऊन उतरल्यावर, आमच्या गोलीनं दोन सोपे गोल खाल्ले. गोली सूरज. दुसऱ्या दिवशी पेठभर एकच बोलणं: पोरानं मॅच विकली.

तिसऱ्या दिवशी तो आईला घेऊन दवाखान्यात आला.

"डॉक्टर, सांज झाली की बॉल दिसत न्हाय. ल्हानपणापासनं हाय, लाजंनं बोललो न्हाय. तेवढं लिहून द्या, तालमीत दाखवतो."

"मग गोली कशाला झालास?" माझा हरल्याचा राग उतरला नव्हता.

"दिवसा दिसतंय की!"

सकाळचे अकरा वाजले होते. त्यानं तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला. थेंब टाकून मी रेटिना, म्हणजे डोळ्याचा आतला पडदा, पाहिला. स्वच्छ. रातांधळेपणात पडद्यावर काळे डाग असतात, एवढं माझं पाठ होतं. डाग नाहीत, म्हणजे आजार नाही. 'नजर नॉर्मल' लिहून सही ठोकली.

संध्याकाळी कट्ट्यावर पोरांनी विचारलं, "काय निघालं डॉक्टर?" पेशंटची गोष्ट बाहेर सांगायची नसते. मी सांगितली. "डोळे ठणठणीत आहेत."

सूरज टीमबाहेर गेला. पुन्हा कुणी त्याला मैदानात बोलावलं नाही.

दोन वर्षांनी त्याची आई एकटीच आली आणि टेबलावर फाईल ठेवली. पुण्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी ईआरजी काढला होता. अंधाऱ्या खोलीत डोळ्यावर प्रकाश पाडून रेटिनातली वीज मोजतात, तो. पहिली लाट ठीक होती. दुसरी जवळजवळ नव्हतीच.

त्याचा अर्थ असा. अंधारात पाहणाऱ्या पेशी अंधार असेतो ग्लुटामेट नावाचं रसायन सोडत राहतात. प्रकाश पडला की ते कमी होतं, आणि त्यावरून पुढच्या पेशीला कळतं, काहीतरी दिसलं. गिरणीची घरघर थांबली की डुलक्या घेणारा गिरणीवाला दचकून उठतो ना, तसं. सूरजच्या पुढच्या पेशीत हा बदल ओळखून पुढं कळवणारं प्रोटीनच जन्मतः बिघडलेलं. गिरणी ठीक, गिरणीवाला बहिरा. पडदा दिसायला अगदी निर्मळ. यावर औषध नाही.

त्याच दिवशी तालमीत जाऊन मी सगळ्यांसमोर चूक कबूल केली. कॅप्टन म्हणाला, "बरं झालं सांगितलासा. पण आता गोली दुसरा हाय."

तिथून सूरजच्या घरी गेलो. मला पाहून तो आत गेला. आई म्हशीची धार काढत होती.

ईआरजीचं मशीन माझ्याकडे नाही, हे खरं. पण खोलीतला दिवा मालवायला मशीन लागत नाही, हे मला दोन वर्षं उशिरा सुचलं. तरी मी तिच्यापुढं म्हणालोच, "आजार फार दुर्मिळ आहे हो, मावशी."

तिनं मान वर केली नाही.

"असंल. पर सांजची तक्रार तुम्ही सकाळी अकराला तपासलासा. आमच्या म्हशीचा डॉक्टरबी आधी इचारतोय, कवापासनं आन् कुठल्या येळंला."