उपाशी पेशी आणि केळीवाले शेठ

मूत्रपिंडातल्या पेशींवर मी दोन वर्षं काम केलं, पण भडगावला घरी तो शब्द उच्चारायची सोय नव्हती. आई शेजारणींना सांगायची, "ती पोटाचं शिकते." पुढचंही आईनेच ठरवलं होतं. जळगावच्या कॉलेजात नोकरी लागली तर ठीक, नाही तर लग्न. मुलाचं खतांचं दुकान होतं आणि तो मला मुळीच आवडला नव्हता.

त्यामुळे देव पाण्यात घालूनच मी मुलाखतीला गेले. समोर प्राचार्य आणि संस्थेचे अध्यक्ष. हे मारवाडी शेठ केळीचे मोठे व्यापारी, बोलणं निम्मं अहिराणी. प्राचार्य त्यांचा चेहरा बघून हसायचं की नाही ते ठरवत.

"काय काम करता बाई?" शेठजींनी विचारलं.

मी घडाघडा सांगितलं. पेशीला प्रथिनं बनवायला अमिनो आम्लं लागतात. ती आत आणायला पेशीच्या आवरणात वाहक असतात. मूत्रपिंडाच्या पेशी उपाशी ठेवल्या, की काही तासांत त्या हे वाहक वाढवतात.

"वाहक? एस्टीतला?" शेठजी म्हणाले. "पॅसेंजर नहीं आनि कंडक्टर वाढवता? दिवाळं निघी जाई ना!"

प्राचार्य खो खो हसले. माझं डोकंच फिरलं.

"शेठजी, केळीची टंचाई झाली की फैजपूरकडे खरेदीला माणसं कमी पाठवता की जास्त?"

"जास्त. बांधाबांधावर एकेक. घड दिसना का उचल!"

"आणि केळी बक्कळ आली की?"

"परत बोलावतो."

"पेशी हेच करते."

शेठजींनी मांडीवर थाप मारली. "बठ्ठं समजनं, सगळं!" मग विचारलं, पोटात काही नसताना पेशी नवे वाहक उभे कशातून करते? हा प्रश्न मला मुलाखतीत कुणी विचारेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. "घरातलंच थोडं मोडून," मी म्हटलं. "दागिने मोडून धंदा," ते म्हणाले आणि मान डोलावली. मी मनातल्या मनात जळगावात खोली भाड्याने घेऊनही टाकली.

"बाई, फार बरं समजावलं," शेठजी म्हणाले आणि प्राचार्यांकडे वळले. "आपल्याकडे मास्तर बक्कळ शेतस. आपलं पोट भरेल शे. मग ही जागा यंदा भरनी कसाले?"

प्राचार्य हसायचे थांबले. जागा भरायचीच नाही, असं ठरलं होतं. मी नमस्कार केला की नाही, आठवत नाही.

एस्टीत आधी रडू आलं, मग हसू. माझा विषय पहिल्यांदाच कुणाला मुळापासून कळला होता, आणि त्या माणसाने तो तिथल्या तिथे माझ्यावरच वापरला होता.

दारातच आईने विचारलं, "काय म्हननात शेठ?"

"त्यांना माझा विषय फार आवडला," मी म्हटलं. पुढचं सांगायला जरा दम घेतला.

"मंग नोकरी लागनी!" म्हणत आई आत धावली, आणि मी तोंड उघडलं तेव्हा तिने त्यात साखर घातली.