सायलीच्या साखरपुड्यात मी विचारलेला प्रश्न

मागच्या रविवारी मखमलाबाद रोडवरच्या एका लॉन्सवर माझ्या चुलत बहिणीचा, सायलीचा साखरपुडा होता. घरात कुठलंही कार्य असलं की माइक आपोआप माझ्याच हातात येतो. बडबडी म्हणून लहानपणापासून बदनाम आहे, त्याचं हे बक्षीस...

मुहूर्ताला वेळ होता. आमची माणसं डावीकडे, नवऱ्या मुलाची, निलेशकडची उजवीकडे, आणि दोन्ही बाजू एकमेकींकडे निवडणुकीतल्या विरोधी पॅनलसारख्या बघत होत्या. सायलीचे वडील, म्हणजे आमचे काका, हळूच येऊन म्हणाले की वातावरण जरा मोकळं कर.

पहिला खेळ सोपा ठेवला. समोरच्या पक्षातला असा माणूस शोधायचा, ज्याच्या मोबाइलची रिंगटोन आरती आहे. निलेशचे मामा आणि आमची काकू एकमेकांना फोन लावून आरत्या वाजवायला लागले, आणि लोक खुर्च्या सोडून मिसळले. मी खूश...

मग नेटवर पाहिलेला दुसरा खेळ काढला. नवरा-नवरी पाठीला पाठ लावून बसतात, प्रश्न विचारला की उत्तरात ज्याचं नाव येईल, त्याची चप्पल वर करायची. शुभकार्यात चप्पल म्हटल्यावर आत्याने असे डोळे वटारले की मी लगेच फुलं आणली. निलेशच्या घरी फुलशेतीच आहे, फुलांना काय तोटा. दोघांच्याही हातात एकेक गुलाब, एकेक झेंडू; गुलाब म्हणजे सायली, झेंडू म्हणजे निलेश.

जास्त कोण बोलतं? दोघांचेही गुलाब वर. उशिरा कोण उठतं? दोन्ही झेंडू. हशा, शिट्ट्या... आणि त्या भरात मी विचारलं, लग्नानंतर नोकरी कोण सोडणार?

निलेश अंबडला कंपनीत आहे, पण नोकरी सोडून शेतात लक्ष घालीन असं तो कायम म्हणतो. त्यामुळे दोन्ही झेंडूच वर येतील, अशी माझी खात्री होती. सायलीने झेंडू उचलला. निलेशने गुलाब.

त्याच्या बाजूने टाळ्या पडल्या. सायलीला वाटलं, आपलं उत्तर जुळलं. ती हसत मागे वळली आणि तिला त्याच्या हातातलं फूल दिसलं...

सायली स्टाफ नर्स आहे. नाइट करून येते तेव्हा डोळे सुजलेले असतात, पण एखादा पेशंट बरा होऊन घरी गेला की पेढे तीच वाटते. लग्न ठरवायच्या बैठकीत तिच्या नोकरीचा विषय निघाला होता. "ते बघू नंतर," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. आम्ही समजलो ती करणार, ते समजले ती सोडणार. आणि सुपारी फुटली.

तिने माझ्या हातातून माइक घेतला. निलेशला विचारलं, हे खेळातलं आहे की खरं? त्याने वडिलांकडे पाहिलं. ते पहिल्या रांगेतून, बसल्या जागेवरूनच म्हणाले, "अगं पोरी, खेळ हाय तो. नोकरीचं बघू की नंतर."

"मग अंगठीचंही नंतर बघू," सायली म्हणाली. आवाज जराही चढवला नाही.

आत्याने दंडाला धरून मला खाली ओढलं, काकूने तोंडाला पदर लावला. मागून कुणीतरी म्हणालं, पोरींना लय शिकवलं की असंच होतं. एका फाजील प्रश्नापायी ठरलेलं लग्न मोडणार आणि जन्मभर माझं नाव निघणार... दुसरं काही सुचतच नव्हतं.

तेवढ्यात काका उठले. सकाळपासून ते व्याह्यांना पाणीसुद्धा स्वतःच्या हाताने देत होते, इतके वाकलेले. आता ते सायलीला झापणार आणि ती रडत अंगठी घालून घेणार, असंच मला वाटलं.

काका स्टेजवर चढले, एक खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसले. गुरुजींना एवढंच म्हणाले, "जरा थांबा. पोरीला उत्तर मिळू द्या."



निलेश उभा राहिला. कान लालबुंद झाले होते. माइक न घेताच बोलला, "बाबा, मी तिला कधी विचारलंच नाही. घरात सगळे सोडेल म्हणायचे, मीही तेच धरून चाललो. पण तिला नोकरी सोडायची नाहीये. आणि आपण सोडायला सांगायचं नाही."

त्याच्या वडिलांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. आता हे उठून चालायला लागणार, असं वाटून आमच्याकडची दोन माणसं पुढेही सरकली. पण ते बसूनच राहिले. "आधी बोलायचं ना मग, लेका. चारचौघांत शोभा केली..." असं पुटपुटले, आणि मग त्यांनी गुरुजींना विचारलं, "मुहूर्त हाय का गेला?"

मुहूर्त होता. पण सायलीने लगेच हात पुढे केला नाही. निलेशला हळू आवाजात काहीतरी विचारलं, त्याने होकारार्थी मान हलवली, आणि मगच अंगठी घालू दिली.

पंगती बसल्या तेव्हा मी स्टेजमागे वायर गुंडाळत लपले होते. काका शोधत आले. ते काही बोलायच्या आत मीच माफी मागितली.

"बैठकीत हाच प्रश्न माझ्या तोंडाशी आला होता गं," काका म्हणाले. "चांगलं स्थळ हातचं जाईल म्हणून गिळला." आणि व्याह्यांना जिलेबीचा आग्रह करायला निघून गेले.

भित्री माणसं कधीकधी किती मोठी होतात... प्रत्येक मुलीशेजारी अशी खुर्ची ओढून बसणारा बाप असू दे, एवढंच देवाकडे मागणं.